बॅरीच्या गळ्यात पिंप नव्हतं

सेंट बर्नार्ड म्हटलं की डोळ्यांसमोर येणारं चित्र ठरलेलं आहे. पांढराशुभ्र बर्फ, त्यात वासराएवढा तांबडा-पांढरा कुत्रा, चेहऱ्यावर जगाचं दुःख वाहिल्यासारखा भाव आणि गळ्यात ब्रँडीचं छोटंसं लाकडी पिंप. कॅलेंडरांवर, चॉकलेटच्या डब्यांवर, कार्टूनमध्ये सगळीकडे हेच. आपल्याकडच्या पुष्कळ मुलांनी हा कुत्रा पहिल्यांदा पाहिला तो 'बेथोव्हन' नावाच्या १९९२ सालच्या इंग्रजी सिनेमात. तिथे बर्फ नव्हता, पण घरभर चिखल आणि लाळ भरपूर होती. माझ्या मते कॅलेंडरपेक्षा तो सिनेमाच सत्याच्या जास्त जवळ आहे :-)

हे सगळं आत्ता आठवायचं कारण म्हणजे माझा नागपूरचा पुतण्या. त्याला सेंट बर्नार्डचं पिल्लू आणायचंय. ते नाही जमलं तर ग्रेट डेन. घरात माझ्याकडे कुत्र्यांची दोन पिढ्यांची परंपरा (दोन्ही अस्सल गावठी), त्यामुळे सल्ल्यासाठी फोन मला. "काका, तयारी काय काय करू? ट्रेनिंग कधी सुरू करायचं?" आता मला कुठलाही प्रश्न विचारला की मी आधी त्याचा इतिहास शोधत बसतो, ही खोड घरात सगळ्यांना माहीत आहे. तर मंडळी, महिनाभर वाचून जे हाती लागलं ते इथे मांडतोय. त्याला पाठवणारच आहे, पण तुम्हीही वाचा. कारण मला वाटलं होतं की इतिहास एकीकडे राहील आणि सल्ला दुसरीकडे. तसं झालं नाही.

सुरुवात आल्प्समध्ये. स्वित्झर्लंड आणि इटलीच्या सीमेवर ग्रेट सेंट बर्नार्ड नावाची खिंड आहे, उंची २४६९ मीटर. (आपलं कळसूबाई १६४६ मीटर, म्हणजे अंदाज येईल.) रोमन काळापासूनची वाट. वर्षातले बरेच महिने बर्फाखाली. इसवी सन १०५०च्या सुमारास आओस्ताच्या बर्नार्ड नावाच्या धर्मगुरूने तिथे वाटसरूंसाठी धर्मशाळा बांधली. येईल त्याला निवारा आणि अन्न द्यायचं. ही धर्मशाळा आजही चालू आहे आणि हिवाळ्यातसुद्धा तिचं दार उघडं असतं. रस्ता बंद असतो तेव्हा लोक स्कीवरून किंवा बर्फावर चालायचे खास जोडे घालून तिथे पोचतात. जवळजवळ हजार वर्षं सलग चाललेला पाहुणचार! आपल्याकडच्या अन्नछत्रांची आठवण होते.

गंमत म्हणजे या हजार वर्षांतली पहिली सहाशे वर्षं तिथे कुत्र्यांचा उल्लेखच नाही. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात कधीतरी ती वर आली, तीही माणसं वाचवायला नव्हे. धर्मशाळेत राखण हवी होती. तिथल्या कागदपत्रांत कुत्र्याचा पहिला उल्लेख १७०७ सालचा आहे, आणि तो एक कुत्रा बर्फाखाली गाडला गेल्याचा. दुसरा जुना उल्लेख तर स्वयंपाकघरातला आहे. मांस भाजायची सळई फिरवण्यासाठी एक चाक केलं होतं आणि त्या चाकात कुत्रा चालायचा! ज्याच्या शौर्याची चित्रं जगभर लागली त्या वंशाची कारकीर्द अशी मुदपाकखान्यातून सुरू झाली.

मग झालं असं की धर्मशाळेचे वाटाडे सकाळी खिंडीच्या दोन्ही अंगांना जायचे, वाटेत कोणी अडकलंय का बघायचे, वाटसरूंना वर घेऊन यायचे. अठराव्या शतकात हे वाटाडे कुत्र्यांना बरोबर न्यायला लागले. कुत्रं पुढे चालून आपल्या रुंद छातीने ताजा बर्फ फोडायचं, मागच्यांना वाट व्हायची. धुक्यात माणसाला पुढचं दिसेनासं व्हायचं, पण कुत्र्याला वाट कळायची. आणि हळूहळू लक्षात आलं की बर्फाखाली गाडलेल्या माणसाचाही याला वास लागतो. कुत्रं उकरायचं. दोन असली तर एक माणसाला ऊब देत त्याच्याजवळ पडून राहायचं आणि दुसरं धर्मशाळेकडे परत यायचं. अशा रीतीने दोनेकशे वर्षांत सुमारे दोन हजार माणसं वाचली असं सांगतात.

आता यातली माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. या कुत्र्यांना शोधकामाचं म्हणून वेगळं शिक्षण कोणी देत नव्हतं. ट्रेनिंग स्कूल नाही, हुकूम नाहीत, पाठ नाहीत. तरणी कुत्री जुन्या कुत्र्यांबरोबर जायची आणि बघून शिकायची. बस्स.

आपल्याकडे शेतकऱ्याला हे नवीन नाही. नवा गोऱ्हा औताला लावायचा तर त्याला जुन्या, शांत बैलाच्या जोडीला जुंपतात. गोऱ्हा बावचळतो, आडवा जातो, पण शेजारचा आपल्या चालीने चालत राहतो. चार दिवसांत गोऱ्ह्याला कळतं की तास म्हणजे काय. धनगराच्या मेंढरांमागची पिल्लंही अशीच मोठ्यांच्या मागे मागे फिरून तयार होतात. शिकवणारा आणि शिकणारा एकाच कामावर असले की शिकवणं वेगळं काढावं लागत नाही.

असो. आता आपल्या बॅरीकडे वळू.

बॅरीचा जन्म १८०० सालचा. त्याच वर्षी मे महिन्यात नेपोलियन सुमारे ४० हजारांची फौज घेऊन याच खिंडीतून इटलीत उतरला. बॅरी तिथे बारा वर्षं होता आणि त्याने ४०च्या वर माणसं वाचवली असं मानलं जातं. पॅरिसजवळच्या प्राण्यांच्या जुन्या दफनभूमीत त्याचं स्मारक आहे. त्यावर त्याने ४० जणांना वाचवलं आणि ४१व्याने त्याला मारलं अशा अर्थाचा मजकूर कोरलाय. वाचून डोळ्यांत पाणी यावं अशी कथा, पण खरी नाही. म्हातारा झाल्यावर १८१२ साली बॅरीला खाली बर्न शहरात नेलं, तिथे त्याने दोन वर्षं पेन्शन खाल्ली आणि १८१४ साली तो म्हातारपणाने गेला. पेंढा भरलेला त्याचा देह बर्नच्या निसर्गविज्ञान संग्रहालयात आजही आहे.

आणि ते पिंप? तेही नव्हतंच. एडविन लँडसीअर नावाच्या इंग्रज चित्रकाराने १८२०च्या सुमारास, म्हणजे स्वतः अजून विशीही न गाठलेला असताना, बेशुद्ध वाटसरूला शुद्धीवर आणणाऱ्या दोन कुत्र्यांचं चित्र काढलं. त्यातल्या एकाच्या गळ्यात त्याने पिंप अडकवलं. चित्राच्या नकला घराघरात गेल्या आणि पिंप कायमचं चिकटलं. गारठलेल्या माणसाला ब्रँडी पाजणं तसंही घातकच. दारूने कातडीतल्या रक्तवाहिन्या पसरतात, वरवर ऊब वाटते आणि आतली उष्णता आणखी वेगाने निघून जाते. पण लोकांना हवं असलेलं चित्र इतकं पक्कं झालं की १९२३ साली संग्रहालयाने बॅरीचा देह नव्याने मांडला तेव्हा त्याची खाली झुकलेली मान वर केली आणि गळ्यात पिंप बांधलं!

मला मात्र पिंपापेक्षा दुसऱ्या एका आकड्याने जास्त धक्का दिला. बॅरीचं वजन. तो ४० ते ४५ किलोंचा असावा असा संग्रहालयाचा अंदाज आहे. आजचा सेंट बर्नार्ड नर ६५ ते ८० किलोंचा, कधी त्याहूनही जास्त. म्हणजे ज्याने खरोखर बर्फात काम केलं तो बॅरी आजच्या मापाने 'महाकाय' नव्हताच. एक दणकट, चपळ, डोंगरी कुत्रा होता तो.

मग हा महाकाय झाला कधी? तर काम सुटल्यावर.

१८३०च्या सुमारास धर्मशाळेतल्या लोकांनी आपल्या कुत्र्यांचा न्यूफाउंडलंड जातीशी संकर केला. लांब केस आले तर थंडीत बरं पडेल असा हिशोब. झालं उलटंच. लांब केसांत बर्फाचे गोळे अडकायला लागले आणि कुत्री जड होऊन दमायला लागली. मग लांब केसांची पिल्लं खालच्या दऱ्याखोऱ्यांत लोकांना देऊन टाकली. खाली हाइनरिश शूमाखर नावाच्या बर्नजवळच्या एका सराईवाल्याने १८५५च्या सुमारास त्यांची पद्धतशीर पैदास सुरू केली. त्याची कुत्री इंग्लंड, रशिया, अमेरिकेपर्यंत गेली. तो काळ कुत्र्यांच्या प्रदर्शनांचा. प्रदर्शनात बर्फ नसतो, हिमकडे नसतात, असतात ते परीक्षक आणि बक्षिसं. डोकं जितकं मोठं आणि शरीर जितकं भव्य तितकं कौतुक. १८८४ साली बाझलमध्ये या जातीचा स्विस क्लब निघाला, १८८७ साली झुरिकमध्ये जातीची मापं ठरली. चाळीस किलोंचा कामगार ऐंशी किलोंचा दरबारी झाला तो असा.

इतर महाकाय जातींची कहाणी वाचली तरी हाच सूर लागतो. आयर्लंडचा वुल्फहाउंड लांडग्यांच्या शिकारीचा. १६५२ साली क्रॉमवेलच्या राजवटीने हे कुत्रे देशाबाहेर न्यायला बंदी घातली होती, इतकी त्यांची गरज. अठराव्या शतकाच्या अखेरीस तिथला लांडगा संपला आणि कुत्राही संपत आला. १८६२पासून कॅप्टन जॉर्ज ऑगस्टस ग्रॅहम या माणसाने उरल्यासुरल्या कुत्र्यांचा डिअरहाउंड, ग्रेट डेन वगैरेंशी संकर करून ही जात पुन्हा उभी केली. म्हणजे आज दिसतो तो वुल्फहाउंड हा लांडगा पाहिलेला कुत्रा नव्हे, ती एका माणसाच्या चिकाटीने जिवंत केलेली आठवण आहे. ग्रेट डेनचं तसंच. नावात डेन्मार्क असला तरी घडवला जर्मनांनी. पूर्वज रानडुकरांच्या शिकारीचे. बंदुका आल्या, शिकारीची पद्धत बदलली, कुत्रा सरदारांच्या वाड्यात आला आणि अंगणातून दिवाणखान्यात. बिस्मार्कला या जातीचं फार वेड होतं.

थोडक्यात काय, तर महाकाय पिल्लू घरी येतं तेव्हा एक मोठं शरीर येतं आणि त्याचं हरवलेलं कामही त्याच्या मागोमाग येतं. तयारी दोन्हींची करायला लागते.

आधी शरीर. १६३८ साली गॅलिलिओचं यंत्रशास्त्रावरचं शेवटचं पुस्तक प्रसिद्ध झालं. त्यात त्याने एक साधा विचार मांडलाय. प्राण्याची लांबी-रुंदी-उंची दुप्पट केली तर वजन आठपट होतं, पण हाडाच्या छेदाचं क्षेत्रफळ चौपटच वाढतं. त्यामुळे मोठ्या प्राण्याची हाडं प्रमाणाबाहेर जाड हवीत, नाहीतर ती स्वतःच्याच वजनाने मोडतील. त्याने उदाहरणही कुत्र्याचंच दिलंय, की छोटा कुत्रा आपल्याएवढी दोन-तीन कुत्री पाठीवर घेऊ शकेल, घोडा मात्र एक घोडासुद्धा उचलू शकणार नाही.

आता ग्रेट डेनचं पिल्लू बघा. जन्मतः अर्धा-पाऊण किलो. दीड वर्षात ५०-६० किलो. म्हणजे शंभरपटीच्या आसपास! माणसाचं मूल जन्मापासून मोठं होईपर्यंत वीसेक पट वाढतं आणि त्याला अठरा वर्षं लागतात. गॅलिलिओचा नियम या पिल्लाच्या हाडांवर रोज चालू असतो.

साहजिकच आपल्याकडे सगळ्यांचं म्हणणं एकच असतं: "भरपूर खाऊ घाल. आणि कॅल्शियम सुरू कर." पिल्लू विकणारा सांगतो, शेजारी सांगतो, औषधाच्या दुकानातला बाटलीच काढून देतो. इथे मला इतिहासाचा खरा उपयोग झाला. १९७४ साली अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात हेडहॅमर आणि सहकाऱ्यांनी ग्रेट डेनच्या २४ पिल्लांवर प्रयोग केला. निम्म्यांना पौष्टिक अन्न पोटभर, हवं तेवढं. उरलेल्यांना तेच अन्न, पण त्याच्या दोनतृतीयांश. पोटभर खाणारी पिल्लं भराभर वाढली, आणि त्यांचेच पाय वाकले, सांधे बिघडले, मणक्यांत दोष आले. मोजून खाणारी त्या मानाने ठणठणीत राहिली. पुढे १९८०च्या दशकात हॉलंडमधल्या उट्रेख्टला हाझेविंकेल यांनी याच जातीच्या पिल्लांना जादा कॅल्शियम देऊन पाहिलं. लहान पिल्लाच्या शरीराला नको असलेलं कॅल्शियम आतड्यातच अडवता येत नाही, ते आत जातंच आणि हाडांची घडण बिघडवतं. तिथेच १९९१ साली असंही दिसलं की ज्या प्रथिनांना सगळे दोष देत होते ती गुन्हेगार नव्हती. जादा उष्मांक आणि जादा कॅल्शियम हेच कारण.

म्हणून पुतण्याला पहिली सूचना: मोठ्या जातीच्या पिल्लांसाठी बनवलेलं अन्न, तेही मोजून, आणि कॅल्शियमची बाटली डॉक्टरांनी तपासून सांगितल्याशिवाय घरात नको. पिल्लाच्या बरगड्या हाताला सहज लागल्या पाहिजेत. बघणारे म्हणतील, "अरे, उपाशी ठेवतोस का त्याला?" म्हणू देत. लॅब्रॅडोरांवर चौदा-पंधरा वर्षं चाललेल्या एका अभ्यासात (२००२ साली तो छापून आला) २५ टक्के कमी खाणारी कुत्री जवळजवळ दोन वर्षं जास्त जगली. महाकाय जातींचं आयुष्यच मुळात सात ते दहा वर्षं. त्यात एकेक वर्षाची किंमत किती, हे सांगायला नको.

दुसरी सूचना जिन्याची. नॉर्वेमध्ये न्यूफाउंडलंड, लेओनबर्गर, आयरिश वुल्फहाउंड आणि लॅब्रॅडोर अशा सुमारे ५०० कुत्र्यांवर एक अभ्यास झाला, २०१२ साली प्रसिद्ध झाला. ज्या पिल्लांनी पहिल्या तीन महिन्यांत रोज जिने चढ-उतार केले त्यांच्यात खुब्याच्या सांध्याचा दोष जास्त दिसला, आणि जी मऊ, उंचसखल जमिनीवर मोकळी फिरली त्यांच्यात कमी. म्हणजे पिल्लाला दमवायला गच्चीपर्यंत पळवायचं नाही. माती-गवतात त्याच्या मनाने हुंदडू द्यायचं. चकचकीत फरशीवर घसरणार नाही असं जाजम किंवा रबरी चटई टाकायची. पट्टा लावून मैलोगणती पळवणं, उड्या मारायला लावणं, हे सगळं हाडं पक्की झाल्यावर, म्हणजे दीड-दोन वर्षांनी. आई-बापांच्या खुब्यांचे एक्सरे विकणाऱ्याकडे मागायचे. नसतील तर पिल्लू कितीही गोड असो, परत फिरायचं. आणि उंच स्टँडवर ठेवलेलं जेवणाचं भांडं दिसायला छान दिसतं, पण पर्ड्यू विद्यापीठाच्या २००० सालच्या अभ्यासात उंच भांड्यातून खाणाऱ्या मोठ्या कुत्र्यांत पोट फुगून पिळा पडण्याचा धोका जास्त आढळला. हा पिळा काही तासांत जीव घेतो. त्याची लक्षणं (फुगलेलं पोट, ओकारीचे कोरडे उमाळे, अस्वस्थपणा) आणि रात्री उघडा असणारा दवाखाना, दोन्ही आधीच माहीत हवं.

आता शिकवणं. १९६१ साली अमेरिकेत एक प्रयोग छापून आला. काही पिल्लं आईसकट उंच कुंपणाच्या मैदानात ठेवली होती. माणसांशी संबंध नाही. एकेकाला वेगवेगळ्या वयात आठवडाभर बाहेर काढून माणसात खेळवलं. ज्यांना चौदा आठवड्यांपर्यंत माणूस भेटलाच नाही, ती पुढे जवळजवळ रानटीच राहिली. स्कॉट आणि फुलर यांचा १९६५चा प्रसिद्ध ग्रंथ याच संशोधनातला. साधारण तिसऱ्या ते बाराव्या-चौदाव्या आठवड्यापर्यंत पिल्लाच्या मनाचं दार सताड उघडं असतं. तेव्हा जे भेटेल ते 'आपलं' होतं. मग दार लोटलं जातं.

आता आपल्याकडची पद्धत बघा. पिल्लू पंचेचाळीस दिवसांचं झालं की विकतात. (आपल्या २०१७च्या नियमांनुसार आठ आठवड्यांखालचं पिल्लू विकता येत नाही, हे किती जणांना ठाऊक असतं?) म्हणजे भावंडांशी खेळताना 'किती जोरात चावलं की समोरचा ओरडतो' हे शिकायच्या ऐन दिवसांत ते तिथून निघतं. मग लसी पूर्ण होईपर्यंत घरात कोंडून ठेवतात. पार्व्होची भीती खरी आहे, रस्त्यावर सोडू नये हे बरोबरच. पण उचलून, कडेवर घेऊन, गाडीत बसवून जग दाखवता येतं. रिक्षा, कुकरची शिट्टी, छत्री, शाळेचा गणवेश, काठी टेकत येणारे आजोबा, लसीकरण झालेली शांत कुत्री. हे सगळं पहिल्या तीन महिन्यांत. दोन महिन्यांचा सेंट बर्नार्ड कडेवर मावतो. पाच महिन्यांचा उचलून बघा!

यातच जबरदस्तीचा प्रश्नही सुटतो. जर्मनीत कोनराड मोस्ट यांचं १९१०चं श्वानशिक्षणाचं पुस्तक बराच काळ प्रमाण मानलं जायचं, त्यात साखळीचे हिसके आणि शिक्षा यांना मोठी जागा होती. १९५१ साली स्किनर या मानसशास्त्रज्ञाने एक लेख लिहून दाखवलं की टिकटिक वाजणारं साधं खेळणं आणि खाऊचा तुकडा यांनी कुत्र्याला चटकन शिकवता येतं. दोन्ही विचारांत कोण नैतिक यावर वाद घालता येईल, पण ऐंशी किलोंच्या कुत्र्यापुढे हिशोब सरळ आहे. जोर हे साधन पहिले पाच महिनेच चालतं. त्यानंतर त्याचा जोर तुमच्यापेक्षा जास्त. म्हणून पट्टा न ओढता चालणं, माणसांवर पाय न टाकणं, तोंडातली वस्तू सोडणं, पंजा-कान-दात बघू देणं, हे सगळं ते दहा-बारा किलोंचं असतानाच, खाऊ देऊन आणि खेळत. बारा किलोंचं पिल्लू अंगावर उडी मारतं तेव्हा आपण हसतो. तोच खेळ वर्षभराने आजीला जमिनीवर पाडतो, आणि मग शिक्षा होते ती कुत्र्याला. त्याला साखळी लागते, नाहीतर तो कुठेतरी 'देऊन टाकला' जातो.

आणि इथे मला पुन्हा ती धर्मशाळा आठवते. तिथल्या पिल्लाला वेगळं शिकवावं लागलं नाही, कारण त्याच्या आजूबाजूला जुनी कुत्री होती, दिवसभर माणसं होती आणि रोज सकाळी जायला एक वाट होती. आपण घरी आणतो ते पिल्लू एकटं असतं. जुनं कुत्रं नाही, वाट नाही, आणि माणसं सकाळी नऊला कुलूप लावून जातात. म्हणजे ते जुनं कुत्रं आपल्याला व्हायला लागणार. रोज, दोन वर्षं, एकाच शांत चालीने. क्लासला पाठवून किंवा ट्रेनर लावून ते होत नाही. ट्रेनर आठवड्यातून दोन तास येतो. उरलेले एकशे सहासष्ट तास कोण?

आता राहिला नागपूरचा उन्हाळा. गॅलिलिओचाच नियम इथे दुसऱ्या बाजूने लागतो. शरीर मोठं तसं आकारमानाच्या मानाने कातडीचं क्षेत्रफळ कमी, त्यामुळे उष्णता बाहेर टाकणं अवघड. त्यात कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, तो धापा टाकूनच थंड होतो. त्यात दाट लोकर. मे महिन्यात पारा ४५च्या आसपास असताना कूलरची दमट हवा आणि वाळ्याच्या ताट्या त्याला कितपत पुरतील? आणि दुपारी वीज गेली तर? ज्याचा वंश बर्फात माणसं शोधत होता, त्याला आठ वर्षं चोवीस तास एसीच्या खोलीत ठेवणं हा मला लाड वाटत नाही. माझं मत मी पुतण्याला स्पष्ट सांगितलंय: सेंट बर्नार्ड नागपुरात नको. ग्रेट डेनचे केस आखूड, त्याला ऊन थोडं तरी सोसेल, पण वर लिहिलेलं बाकी सगळं त्यालाही लागू. त्याच्या घरी दोघंही नोकरीला जातात. तेव्हा दिवसा घरात कोण असणार हे आधी ठरव, मग जात ठरव.

त्याने विचारलं, "मग काका, कुत्रं आणूच नको का?" तसं नाही. ज्यांनी ही कुत्री घडवली त्यांनीसुद्धा कधीतरी असाच हिशोब केला. १९६४ साली खिंडीखालून मोटारींचा बोगदा झाला, शोधकाम हेलिकॉप्टर आणि हलक्या कुत्र्यांकडे गेलं. धर्मशाळेतले धर्मगुरू थोडे उरले, वयस्क झाले. २००४ साली त्यांनी जाहीर केलं की आता ही कुत्री सांभाळणं आमच्याच्याने होणार नाही. तीनशे वर्षांचं नातं, पण भावनेच्या भरात ती तशीच अडकवून ठेवली नाहीत. २००५ साली खाली मार्तिन्यी गावात बॅरीच्याच नावाने संस्था उभी राहिली आणि कुत्री तिच्याकडे गेली. हिवाळा ती खाली काढतात, उन्हाळ्यात काही वर धर्मशाळेत राहायला जातात. आणि त्यांना नवं कामही मिळालंय. वृद्धाश्रमांत, आजारी माणसांकडे त्यांना नेतात, लोक त्यांच्या मानेवर हात फिरवत बसतात. मूळ बॅरीच्या आठवणीसाठी त्यांच्यातल्या एकाचं नाव नेहमी बॅरी असतं.

मला यातलं सगळ्यात पटलं ते हे, की 'आम्हाला जमणार नाही' असं म्हणायला ते लाजले नाहीत, आणि म्हणाले तेही दुसरी सोय बघूनच. पिल्लू आणायच्या आधी हे म्हणता आलं तर ते सगळ्यात स्वस्तात पडतं. कुत्र्यालाही, आपल्यालाही.

पुतण्या अजून विचार करतोय. मी त्याला सुचवलंय की तोवर रोज संध्याकाळी तासभर एखाद्या प्राणी-निवाऱ्यात जाऊन तिथल्या कुत्र्यांना फिरवून आण. तीन महिने सलग जमलं, तर मला पुन्हा फोन कर.